दर्यापूर ते यवतमाळ: पाच दिवस, एक सब्बल आणि तापलेला फोन

मे महिन्यात विदर्भात फिरायला कोण जातं बे, असं रूममेटनं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण पुण्यातल्या माणसाला ते पटणारं नव्हतं. वावरातली माती तपासायला घ्यायची तर ती उन्हाळ्यातच, तूर-हरभरा निघालेला असतो, पऱ्हाटी उपटलेली असते, नवं खत पडलेलं नसतं आणि पेरणीच्या आत रिपोर्ट हातात यायला वेळ मिळतो. मावसभावाच्या गावाकडच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढलीय, त्यांना चाळीस वावरांचे नमुने हवे होते आणि तेही "फोनवर, जीपीएससहित", जेणेकरून पुढच्या वर्षी त्याच जागेची माती परत घेता येईल. माझं काम नकाशांचं. दादा म्हणाला ये, गाडी आपली, जेवण मावशीचं. गेलो.

रस्ता साधारण शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या सोबतीनं, दर्यापूर, मुर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. ती छोटी गाडी तर बंदच आहे, रुळांवर काही ठिकाणी बाभळी उगवल्यात.

दिवस पहिला: दर्यापूरकडचा खारपाणपट्टा

सकाळी मुर्तिजापूरला उतरलो, दादा बोलेरो घेऊन उभाच, सोबत एक बारावी झालेला पोट्टा (फॉर्म भरायला) आणि मागे सब्बल, फावडं, खुरपी, प्लास्टिकचे दोन टब, कापडी पिशव्या. मी म्हटलं ते माती काढायचं स्टीलचं ऑगर मागवलं होतं ना? दादा नुसता हसला. वावरात गेल्यावर कळलं का हसला. मे मधली काळी माती म्हणजे दगड, त्यात हात जाईल एवढ्या भेगा, ऑगर दोन इंच जाऊन गोल गोल फिरतं. इथं सब्बलच.

पद्धत सोपी आहे पण घाम काढते. वावरात नागमोडी चालत दहा-बारा जागा धरायच्या, वरचा काडीकचरा बाजूला करायचा, व्ही आकाराचा खड्डा करायचा वीस सेंटिमीटर खोल, आतली माती फेकून द्यायची आणि खड्ड्याच्या एका बाजूनं वरपासून खालपर्यंत खुरपीनं एकसारखी चकती काढायची. धुऱ्याजवळ (बांधापाशी) नाही, झाडाखाली नाही, विहिरीपाशी नाही, खताचा ढीग होता तिथं तर अजिबात नाही. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेलं पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पहिल्याच वावरात काकांनी मिसळायला युरियाचं रिकामं पोतं आणून दिलं, प्रेमानं. ते नको म्हणायला जीवावर आलं पण त्यावर मिसळलं असतं तर त्यांच्या वावरात नत्रच नत्र निघालं असतं. पत्र्याचं घमेलंही नाही चालत, त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त तर आपल्याला मोजायचंय. म्हणून ते टब.

वीस सेंटिमीटर मोजायचे कसे? टेप गाडीत राहिला होता. माझा फोन सोळा सेंटिमीटर लांब आहे, तो खड्ड्यात उभा धरला, वर दोन बोटं. खरं सांगतो, पाच दिवसांत फोनचा हा एकच उपयोग असा निघाला की जो एकदाही चुकला नाही.

बाकी फोनवर ओडीके टाकलेलं. आपण फॉर्म बनवायचा, तो नेट नसलं तरी भरता येतो आणि संध्याकाळी टॉवर सापडला की पाठवायचा. पोट्ट्याचा पहिला प्रश्न, "नेटच नाही तं जीपीएस कसं लागन जी?" हा गैरसमज सगळीकडे आहे. जीपीएस उपग्रहाकडून येतं, नेटचा संबंध फक्त एवढाच की ते असलं तर उपग्रह कुठं आहेत ही माहिती चटकन मिळते, नसलं तर ती उपग्रहाकडूनच ऐकायला अर्धा मिनिट जातो, कधी जास्त. उघड्या वावरात डोक्यावर नुसतं आभाळ, चार मीटरचा गोल (म्हणजे जागा चुकली तरी साधारण एवढीच) आरामात मिळत होता.

दुपारी मी जरा हुशारी दाखवायला गेलो. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी बनवलेलं स्लेक्स नावाचं ॲप आहे, वाटाण्याएवढी तीन सुकी ढेकळं बशीत ठेवायची, पाणी घालायचं, वरनं फोन धरायचा, दहा मिनिटांत ढेकूळ किती पसरलं ते कॅमेरा मोजतो. जितकं पसरलं तितकी माती पाण्यात तग न धरणारी. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा पट्टा, खाली भूजल खारं आणि माती बऱ्याच ठिकाणी चोपण, म्हणजे सोडियम जास्त. सोडियमवाली माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, पाणी गढूळ दुधाळ होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं, आता दाखवतो म्हटलं. बोअरचं पाणी ओतलं. ढेकळं फुटली पण पाणी वर निवळशंख. काका म्हणाले, "मंग चांगली हाय म्हणा जमीन." मी गप्प. मग डोक्यात प्रकाश पडला, अरे हे पाणीच खारं! खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, सुटे होतच नाहीत. गाडीतल्या कॅनचं आरओचं पाणी घेतलं, नवी ढेकळं, आणि यावेळी काही न हलवता बशीभर दूध झालं. काकांनी बशीकडे पाहिलं, मग म्हणाले, "पहिला पाऊस पडला का वावरात असंच दिसते, वर पापुद्रा धरते अन् बी निघत नाही." म्हणजे बुवाला ते आधीच माहीत होतं. चोपण जमिनीवरचा उपाय म्हणून जिप्समचं विचारत होते किती टाकू, मी म्हटलं रिपोर्ट येऊ द्या, बशी बघून पोती सांगता येत नाहीत.

रात्री पिठलं, भाकर, ठेचा आणि कूलरसमोर आडवा. आठ वावरं झाली.

दिवस दुसरा: मुर्तिजापूर ते कारंजा

साडेपाचला वावरात. साडेनऊपर्यंत मस्त चाललं आणि मग दहाच्या सुमारास माझ्या फोनची स्क्रीन आपोआप अंधुक झाली, मी ब्राइटनेस वाढवतोय ती वाढेना, मग कॅमेरा बंद, मग एक पाटी आली की फोन थंड होऊ द्या. बहुतेक फोनच्या माहितीत लिहिलेलं असतं की बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत ठीक. ३५! आमच्याकडे मे मधे ३५ म्हणजे पहाटे चहा पिताना. दुपारी ४४-४५ नेहमीचं, वर काळी माती खालून भाजते, वर काळं कव्हर, वर पॉवरबँक लावलेली. पोट्टा फोन ओल्या दुपट्ट्यात गुंडाळत होता, त्याला थांबवलं, आत पाणी गेलं तर सगळंच गेलं. शेवटी कव्हर काढलं, विमान मोड लावला (जीपीएस चालतं त्यात), चार्जिंग सावलीतच करायचं ठरवलं आणि फोन खिशात न ठेवता कापडी पिशवीत, मातीच्याच सोबत. यानंतरचा नियम: साडेदहाला काम बंद, पाचनंतर परत. जे इथले शेतकरी आजोबा-पणजोबापासून करतात ते मी फोनमुळे शिकलो.

आणखी एक फजिती. मी पुण्याहून क्यूआर कोडचे स्टिकर छापून आणले होते, एक पिशवीला, तोच फोननं स्कॅन केला की नमुना आणि जागा जोडली गेली, लिहायची भानगडच नाही. कापडी पिशवी, घामेजले हात, धूळ. दुपारी गाडीत पाहतो तर पाच स्टिकर पिशव्या सोडून सीटला चिकटलेले. दादानं काहीच न बोलता वही फाडली, चिठ्ठ्या केल्या, शिसपेन्सिलनं नाव, वावर, तारीख लिहून पिशवीच्या आत टाकल्या. पेन नाही, पेन्सिलच, शाई ओलीनं पसरते. पाचपैकी चार पिशव्या मातीच्या रंगावरनं आणि पोट्ट्याच्या आठवणीवरनं जुळल्या, पाचवीची माती परत घ्यावी लागली.

संध्याकाळी कारंज्याच्या अलीकडे एका संत्र्याच्या बागेत. इथं वेगळीच गंमत. झाडं सहा बाय सहा मीटरवर, आणि झाडाखाली गेलं की फोनचा गोल आठ-दहा मीटरचा होतो, पानाफांद्यांतून सिग्नल नीट येत नाही. म्हणजे फोन सांगतो "या झाडाखालची माती" आणि ते झाड शेजारचंही असू शकतं, पलीकडच्या ओळीतलंही. काळ्या वावरात चार मीटर इकडंतिकडं झालं तर माती काही बदलत नाही, पण बागेत आजारी झाड एक आणि नमुना भलत्याच झाडाचा असं झालं की संपलं. बागवाल्या भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "ओळ सातवी, झाड बारावं, असं लिहा ना जी." तसंच लिहिलं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता, शेऱ्यात लिहिलं.

दिवस तिसरा: कारंजा

पहाटे वादळ, गारा नाहीत पण पाऊस झाला. ओल्या वावरात नमुना घेत नाहीत, चिखल होतो, नीट मिसळत नाही. सक्तीची सुट्टी. गुरुमंदिरात जाऊन आलो, कचोरी खाल्ली, आणि मग दोन दिवसांचा डेटा लॅपटॉपवर उघडला.

नकाशावर अकरा ठिपके एकावर एक. झूम केलं. रस्त्याच्या कडेची चहाटपरी. अकरा वावरं एका टपरीवर!

पोट्ट्याला विचारलं तर त्यानं लपवलं नाही. सब्बल त्यानंच मारली होती, माती त्यानंच उचलली, उन्हात स्क्रीन दिसत नव्हती म्हणून वहीत लिहून ठेवलं आणि चहा पिताना सगळे फॉर्म निवांत भरले, आणि फॉर्मनं लोकेशन विचारलं तेव्हा बटण दाबलं. फोननं बिचाऱ्यानं खरंच सांगितलं, मी इथं टपरीवर आहे म्हणून. दादा चिडला, मी नाही चिडू शकलो, कारण त्या फॉर्ममधे मी बावीस प्रश्न टाकले होते. मागच्या तीन वर्षांची पिकं, बियाण्याचा वाण, सिंचनाचा प्रकार, उतार, सगळं. एसीत बसून बनवलेला फॉर्म. ४३ अंशात उभं राहून बावीस प्रश्न मीही भरले नसते.

सुदैवानं पिशवीचा फोटो त्यानं प्रत्येक वावरात जागेवरच काढला होता आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू होतं, त्यामुळे फोटोच्या आत आकडे सापडले. आठ वावरं तिथून परत मिळाली, तीन पोट्टा संध्याकाळी मोटरसायकलवर जाऊन आला. मी फॉर्म नऊ प्रश्नांवर आणला. बाकी शेतकऱ्याला सावलीत बसवून विचारायचं. लोकेशनला अट लावली की गोल पाच मीटरच्या आत आला तरच पुढं जा, आणि फोटो गॅलरीतला चालणार नाही, तिथंच काढलेला पाहिजे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नव्हती. बारा खड्ड्यांची माती मिसळून एक पिशवी होते, मग त्या पिशवीचं अक्षांश-रेखांश कोणतं? आम्ही मधल्या खड्ड्याचं टाकत होतो. पण ती माती त्या ठिपक्याची नाहीच, ती सगळ्या वावराची आहे. दादा म्हणाला लोकांना ठिपका पाहिजे, ठिपका देऊ. मी म्हटलं बाराही ठिपके घेऊ, एक सेकंदाचं काम आहे. चौथ्या दिवसापासून तसं केलं, आणि त्यामुळेच चौथ्या दिवशीचं कळलं.

दिवस चौथा: दारव्ह्याहून यवतमाळकडे

सकाळी आधी हसून हसून पुरेवाट. कंपनीकडे जुन्या सभासदांची यादी होती, मागं कुणीतरी दुसऱ्या ॲपनं धुऱ्याचे बिंदू घेतलेले, अंश-मिनिटात नाही तर मीटरमधे, यूटीएम म्हणतात ती पद्धत. दारव्ह्यापर्यंतची वावरं बरोबर पडली. पुढची सहा वावरं अरबी समुद्रात, दमणच्या पश्चिमेला, आतवर. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, "बरं झालं, ओलिताची सोय झाली."

भानगड अशी की यूटीएममधे पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या फोडी करतात आणि प्रत्येक फोडीत मोजणी नव्यानं. ७८ अंश रेखांशावर ४३ नंबरची फोड संपते आणि ४४ सुरू होते, आणि ही रेषा नेमकी दारव्हा आणि यवतमाळच्या मधून जाते. रेषेच्या अलीकडच्या वावराचा पूर्वेचा आकडा ८ लाख १३ हजारांच्या आसपास, रेषा ओलांडली की तोच १ लाख ८७ हजार. यादीत फोडीचा नंबर लिहिलाच नव्हता, मी सगळ्यांना ४३ समजलो, वावरं सहा अंश पश्चिमेला जाऊन पाण्यात पडली. ४४ टाकलं की सगळी निमूटपणे जमिनीवर आली. तेव्हा बाबांनो, साधे अक्षांश-रेखांश घ्या, दशांशात, विदर्भात तर नक्कीच.

त्या सहांतलं एक वावर एका आजोबांचं. चार एकर, उताराचं. मी आदल्या रात्री उपग्रहाच्या फोटोवर जाळी टाकून बारा बिंदू काढून ठेवले होते, फोन घेऊन बिंदूपाशी चालत जायचं आणि खणायचं, एकदम शिस्तीत. तीन झाले. चौथ्यावर सब्बल उचलली तर आजोबा लांबून ओरडले, "तिथची नोका घेऊ!"

का म्हणून विचारलं. आले हळूहळू, काठी टेकत.

"इथं माया बापाचं खळं होतं. ढोरं बांधत होते. इथं काहीही टाका, येतेच. इथची माती घेसान तं कागदावर मी मोठा शेतकरी होईन."

फोटोवर तिथं काहीही दिसत नाही, रंग तोच, उतार तोच. वर्षानुवर्षांचं शेण, मूत, भुसकट जमिनीत मुरलेलं, त्या बारापैकी एक चकती तिथली गेली असती तर बाकीच्या गरीब अकरांचा हिशोब बिघडला असता. मग आजोबांनी काठीनं धुळीतच वावर काढलं. वरचा बरड, तिथं मुरूम हातावर लागतो, तिथं ते तूरच टाकतात. मधली पट्टी कपाशीची. खाली नाल्याकडची भारी, जिथं पाऊस जास्त झाला की पिवळं पडतं. तीन तुकडे, प्रत्येकाला नाव. मी जाळी पुसली. बारा खड्ड्यांची एक पिशवी करायच्या जागी तीन पिशव्या केल्या, सहा-सहा खड्डे, खळं सोडून. खर्च तिप्पट, दादानं डोकं खाजवलं, पण बरड आणि नाला एकत्र मिसळून जी माती तयार होते तशी माती त्या वावरात कुठंच नाही, तिचा रिपोर्ट घेऊन करायचं काय?

आजोबांनी घरातनं मृदा आरोग्य पत्रिका आणून दाखवली, प्लास्टिकमधे घालून जपलेली. २०१५ मधे सुरू झालेली ती योजना, बारा गोष्टी तपासतात त्यात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्बापासून बोरॉनपर्यंत. तेव्हा तिची रचनाच अशी होती की कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना, ओलितात अडीच हेक्टरला. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, त्यात पाच-सहा जणांची वावरं येतात, तेव्हा आजोबांच्या आणि शेजाऱ्याच्या कार्डावर आकडे सारखेच होते यात आश्चर्य नाही. गावाची सरासरी कळायला ते ठीक आहे. पण या एका चार एकरांतच तीन जमिनी निघाल्या.

ताक प्यायला दिलं. दुसरा ग्लास नको म्हटलं तर रागावले.

दिवस पाचवा: यवतमाळ

चाळीसपैकी सदतीस वावरं, पिशव्या मात्र पंचेचाळीस. मावशीच्या ओसरीवर वर्तमानपत्रं अंथरून माती सावलीत वाळत घातली, उन्हात नाही घालायची. पंचेचाळीस ढिगाऱ्या, प्रत्येकीवर तिची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खडा. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "अख्खं वऱ्हाड आणून टाकलं माया घरात." रंग बघण्यासारखे होते खरं तर, दर्यापूरची काळी करडी, आजोबांच्या बरडाची तांबूस. मी फोननं फोटो काढले, पंख्याखाली एक रंग, दारात दुसरा, ट्यूबलाइटखाली तिसराच, म्हणून फोटोवरनं मातीचा रंग ओळखायचा नाद सोडला. दुपारी शेजारच्या कोंबड्या येऊन सात आणि आठ नंबर एकत्र करून गेल्या. म्हणजे आता पस्तीस आणि त्रेचाळीस. पिशव्या दादा आठवड्यात प्रयोगशाळेत टाकणार.

रात्री परतीच्या गाडीत वर चढून झोपलो तर आजोबांच्या नातवाचा मेसेज. आजोबा म्हणतायत अजून एक खळं होतं, त्यांच्या बापाच्याही आधीचं, ते सांगायचं राहिलं, लोकेशन पाठवतोय. पिन उघडली. वावराच्या कोपऱ्यातली विहीर, बरोबर मधोमध.

मी लिहिलं, विहिरीत?

थोड्या वेळानं उत्तर आलं, "आबा म्हणते थोडंसं इकडं."

मी पेन्सिल शोधली.